कैफियत दिली का?

तालुक्याच्या कोर्टात एका नकलेसाठी गेलो होतो. नक्कल विभागातल्या बाई जेवायला गेलेल्या, म्हणून दिवाणी न्यायाधीशांच्या दालनात मागच्या बाकावर जाऊन बसलो. पंख्याच्या घरघरीत पुकारा झाला आणि साठी ओलांडलेले एक गृहस्थ लगबगीने पुढे गेले. गावात त्यांची पिठाची गिरणी. दोन घरांमधल्या बोळावरून शेजाऱ्याने त्यांच्यावर मनाई हुकमाचा दावा लावलेला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, बरोबर वकील नाही.

"कैफियत दिली का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सांगतो ना साहेब. माझी कैफियत अशी आहे, की हा बोळ आमच्या वडलांच्या वेळेपासून..."

वकिलांच्या टेबलाशी हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. "तशी नाही हो. लेखी. दाखल केलीत का?" केली नव्हती. समन्स मिळून चार महिने उलटले होते. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, दोन ओळी पडल्या आणि दावा विनाकैफियत चालवायचा आदेश झाला. काका बाहेर आले आणि मला, अनोळखी माणसाला, म्हणाले, "आज घाईत होते साहेब. पुढच्या तारखेला ऐकतील."

घरात, पारावर, एसटीत कैफियत म्हणजे गाऱ्हाणं, मनातलं सगळं. कोर्टात कैफियत म्हणजे कागद. वादीच्या दाव्याला प्रतिवादीने ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या रीतीने दिलेलं लेखी उत्तर. शब्द एकच, आणि त्याच्या दोन अर्थांच्या मधल्या बोळात वकिलाशिवाय आलेला माणूस अडकतो. कायद्याने त्याला उभं राहायचा हक्क दिला आहे. पण त्या हक्काची तयारी त्याने कुठे करायची, हे कुणीच ठरवलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही तयारी करून देणं हे न्यायालयाचं काम आहे, उपकार नव्हे.

हक्काबद्दल थोडं, कारण त्याविषयीही गैरसमज भरपूर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम १ नुसार पक्षकार स्वतः, मान्य प्रतिनिधीमार्फत किंवा वकिलामार्फत हजर होऊ शकतो. यातलं पहिलं नाव स्वतःचं आहे. १९६१ चा अधिवक्ता कायदा वकिली 'व्यवसाय' करण्याचा अधिकार वकिलांपुरता राखतो. स्वतःच्या खटल्यात बोलणं हा व्यवसाय नव्हे, त्यामुळे त्याला सनद लागत नाही. मात्र दुसऱ्यासाठी बोलायचं तर त्याच कायद्याच्या कलम ३२ खाली न्यायालयाची त्या प्रकरणापुरती परवानगी लागते. "माझा भाचा शिकलेला आहे, तो बोलेल" हे तिथे आपोआप चालत नाही.

मुखत्यारपत्राचं तर विचारूच नका. मुंबईत नोकरी करणारा मुलगा गावच्या आईचं कुलमुखत्यारपत्र करून घेतो आणि तिच्या जागी साक्षीला उभा राहतो. आईला जे स्वतः माहीत आहे, तिने जे पाहिलं, ज्यावर तिने अंगठा दिला, त्याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या सुमारास जानकी भोजवानी प्रकरणात स्पष्ट केलं. मुखत्यार त्याने स्वतः केलेल्या गोष्टींबद्दल बोलू शकतो, तेवढंच. या एका चुकीपायी दाव्याचा सगळा पुरावा पोकळ ठरतो, आणि हे कळतं ते निकालपत्र हाती आल्यावर.

वकिलाशिवाय लढण्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात कुणीतरी लोकमान्यांचं नाव काढतंच. १९०८ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिळकांनी राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडली, अनेक दिवस मिळून २१ तास १० मिनिटं बोलले. आपल्याला त्याचा अभिमान आहे, असायलाही हवा. पण दाखला देणारे दोन गोष्टी विसरतात. टिळक एलएल. बी. होते आणि पुण्यात त्यांनी कायद्याचे वर्ग चालवले होते. दुसरं, ज्यूरीने सातास दोन मतांनी त्यांना दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. ते ज्यूरीच्या डोक्यावरून देशाशी बोलत होते. बोळाच्या दाव्यात ऐकायला देश बसलेला नसतो. (योगायोग असा, की आजही ज्या दिवाणी प्रक्रिया संहितेवर आपली न्यायालयं चालतात ती १९०८ सालचीच.)

मग आज वकिलाशिवाय येतं कोण? माझ्या पाहण्यात तीन तऱ्हेची माणसं आहेत. पैसे नाहीत, किंवा दाव्याची रक्कमच इतकी लहान की वकिलाची फी, टायपिंग, नोटरी आणि गाडीभाडं धरलं तर हाती काही उरत नाही, अशी पहिली. दुसरी, वकिलाने पोळलेली. फी घेतली आणि तारखांना आलाच नाही, समोरच्याशी संगनमत केलं, कागद परत देत नाही, अशा तक्रारी, काही खऱ्या, काही हरल्याच्या रागातल्या. अशांना ग्राहक आयोगातही दाद नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. उरली ती बार कौन्सिलकडची शिस्तभंगाची तक्रार. तिसरी तऱ्हा लढण्याच्या नादाला लागलेल्यांची. यांच्याकडे बॅगा भरून कागद असतात, प्रत्येक आदेशावर अपील असतं, प्रत्येक न्यायाधीशावर आरोप असतो. संख्येने थोडे, पण न्यायालयाच्या डोक्यात 'पार्टी इन पर्सन', म्हणजे वकिलाशिवाय स्वतः उभा राहणारा पक्षकार, म्हटलं की चेहरा यांचाच उभा राहतो. आणि नियम होतात ते यांना डोळ्यांपुढे ठेवून.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली असे नियम केले. स्वतः बाजू मांडायची असेल तर आधी अर्ज करायचा, वकील का नको ते सांगायचं. निबंधक कार्यालयातल्या अधिकाऱ्यांची समिती कागद पाहते, माणसाशी बोलते, आणि तो न्यायालयाला मदत करू शकेल की नाही याचा अभिप्राय देते. दालनात शिस्त पाळण्याची हमीही लिहून द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयातही निबंधकांपुढे अशी भेट होते. मी या नियमांच्या विरोधात नाही. ज्याने एका याचिकेत चाळीस जणांना पक्षकार केलं आहे त्याच्याशी दालनाबाहेर कुणी तासभर बोललं, तर सगळ्यांचाच वेळ वाचतो. माझी तक्रार वेगळी आहे. या व्यवस्थेत नागरिकाची परीक्षा आहे, अभ्यासक्रम नाही. नापास झालास तर वकील घे, विधी सेवेकडे जा. पास होण्यासाठी काय यायला हवं, ते शिकवणारं कुणी नाही. तालुक्याच्या कोर्टात तर परीक्षाही नाही. तिथे माणूस थेट उभा राहतो आणि रोजनाम्याच्या दोन ओळींत संपतो.

गंमत अशी, की वकिलाला बाहेर ठेवायचे प्रयत्न आपल्या कायद्यांनी एकदा नव्हे, तीनदा केले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेटाच्या टप्प्यावर वकिलाला बंदी होती, आणि कामगार न्यायालयात समोरच्याची संमती व न्यायालयाची परवानगी असेल तरच प्रवेश. हेतू उघड होता, मालकाच्या महागड्या वकिलापुढे कामगार एकटा पडू नये. झालं काय? वकील मालक संघटनेचे पदाधिकारी किंवा कंपनीचे अधिकारी होऊन आले, आणि १९७६ साली पारादीप बंदराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या वाटेला मान्यता दिली.

१९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा घ्या. कलम १३ म्हणतं, वकिलामार्फत बाजू मांडणं हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाला गरज वाटली तर न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा वकील, नेमता येईल. त्याच कायद्याने पुराव्याचे नियम सैल केले, साक्षीचा सारांश तेवढा नोंदवायची मुभा दिली, समुपदेशक दिले. कागदावर पाहिलं तर नवरा-बायकोने स्वतः येऊन बोलावं यासाठीच ही वास्तू बांधलेली. प्रत्यक्षात पहिल्या तारखेलाच वकिलाच्या परवानगीचा अर्ज येतो आणि बहुधा मंजूर होतो. तो का होतो, हे कुटुंब न्यायालयाच्या जिन्यावर बसलेल्या कोणत्याही बाईला विचारा. अर्ज कसा लिहायचा, पोटगीसाठी उत्पन्नाचं शपथपत्र कसं भरायचं, समोरचा गैरहजर राहिला तर पुढे काय मागायचं, हे तिला वकिलाशिवाय कुणी सांगत नाही. परवानगी मागते ती वकिलाच्या प्रेमापोटी नाही.

तिसरा प्रयत्न २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा. आईवडलांच्या निर्वाहाच्या न्यायाधिकरणापुढे वकील नको, असं त्याचं कलम १७ सांगतं. पुढे १५ जून २०११ रोजी अधिवक्ता कायद्याचं कलम ३० अंमलात आलं, ज्याने वकिलाला प्रत्येक न्यायाधिकरणापुढे उभं राहण्याचा हक्क दिला, आणि त्याचा आधार घेऊन काही उच्च न्यायालयांनी हे दारही उघडलं.

तिन्ही वेळा कायदेमंडळाने वकिलाला दाराबाहेर काढलं, पण दाराआतली वाट सोपी केली नाही. वाट अवघड राहिली की वाटाड्या परत येणारच. बिचाऱ्या वकिलांना यात दोष द्यायचं मला कारण दिसत नाही.

अपवाद म्हणता येईल असं एकच ठिकाण मला ठाऊक आहे, आणि त्यामागे ग्राहक पंचायतीच्या चळवळीची पुण्याई आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तू-सेवेची तक्रार होते, ५ लाखांपर्यंत फी शून्य. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी गुरुग्रामची असली तरी तिला सोलापूरला यावं लागतं. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापलीकडे नाही म्हणजे नाही, असं घटनापीठाने २०२० साली सांगितलं आहे. वकील नसलेला अधिकृत प्रतिनिधीही इथे उभा राहू शकतो, आणि त्या मुद्द्यावरचा २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुंबईतल्या प्रकरणांतूनच निघालेला.

मी स्वतः आरोग्यविम्याच्या नाकारलेल्या दाव्यासाठी इथे एकट्याने गेलो. कंपनीचं नाव कशाला सांगू, सगळ्या सारख्याच. पहिल्या तारखेला मी आजारपणाची हकिगत पाठ करून गेलो होतो. अध्यक्षांनी विचारलं, "नाकारल्याचं पत्र कुठल्या पानावर आहे?" मला पान सापडेना. पानांवर क्रमांकच टाकले नव्हते. मागे उभ्या असलेल्या एका वकिलाने हळूच सांगितलं, "आधी अनुक्रमणिका करा, मग आजारी पडा." सल्ला चेष्टेचा होता आणि तंतोतंत बरोबर होता.

एकट्याने जाणाऱ्याची सगळी चूक इथेच आहे. त्याला वाटतं, आपल्याला बोलायचं आहे. दिवाणी दाव्यात बोलायला जागा फार थोडी असते. वादीची गोष्ट दाव्यात लिहिलेली, प्रतिवादीची कैफियतीत लिहिलेली. मग न्यायालय मुद्दे काढतं. आता तरी पिंजऱ्यात उभं राहून सांगता येईल म्हणावं, तर सरतपासही, म्हणजे आपल्याच बाजूची साक्षही, २००२ पासून शपथपत्रावर, म्हणजे लेखीच. तोंड उघडायचं ते उलटतपासात, आणि तिथे विचारतील तेवढ्यालाच उत्तर. शेवटी युक्तिवादाला संधी येते, पण ती कागदात जे आधी आलं आहे तेवढ्यावर. जे दाव्यात किंवा कैफियतीत लिहिलं नाही, त्याचा पुरावा कितीही भक्कम असो, तो ऐकला जात नाही. गिरणीवाल्या काकांची संपूर्ण गोष्ट, वडलांच्या वेळेपासूनची, त्या एका न दिलेल्या कागदात जायची होती.

म्हणून तयारीची सुरुवात तारखेपासून. समन्स हातात पडलं तो दिवस पाकिटावर लिहून ठेवा. तिथून कैफियतीला ३० दिवस, न्यायालयाने कारण मान्य केलं तर ९०. साध्या दिवाणी दाव्यात त्यापुढेही अपवाद म्हणून मुभा मिळू शकते, पण ती खर्च भरून, विनवणी करून. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर दार बंदच. तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घ्यायच्या अर्जाला मुदत ३० दिवसांची. तुम्ही वादी असाल आणि गैरहजेरीत दावा निकाली निघाला, तरी परत बोर्डावर आणायला तेवढीच. तारीख आठवत नसेल तर मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप आहे, त्यात आपल्या खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि मागचे आदेश दिसतात. पुकाऱ्यावर विसंबू नका, बेलिफाचा आवाज पंख्यापुढे टिकत नाही.

मग दावा वाचायचा. हे सांगावं लागतं याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं, पण लागतं. वाचायचा म्हणजे परिच्छेद क्रमांकावर बोट ठेवून. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ मधला एक नियम असा आहे, की दाव्यातलं जे विधान तुम्ही नेमकेपणाने नाकारलं नाही ते तुम्हाला मान्य आहे असं धरता येतं. "दाव्यातील सर्व मजकूर खोटा आहे" एवढं एक वाक्य पुरत नाही. परिच्छेद २ मान्य, घर माझंच आहे. परिच्छेद ३ अमान्य, बोळ सामायिक आहे, खरेदीखतात तसा उल्लेख आहे. परिच्छेद ६ ची मला माहिती नाही, वादीने शाबीत करावा. इतकं कोरडं लिहिता आलं पाहिजे. राग, शेजाऱ्याच्या आजोबांचा इतिहास, त्याच्या पोराचं व्यसन यातलं काहीही नको. वादीने निशाणी ५ खाली (निशाणी म्हणजे दाव्यातल्या कागदावर पडणारा क्रमांक) तात्पुरत्या मनाईचा अर्ज दिला असेल तर त्याचं उत्तर, म्हणजे कोर्टाच्या बोलीत 'से', वेगळं द्यायचं आणि लवकर द्यायचं. महाराष्ट्रात अर्धे दावे निशाणी ५ वरच जिंकले-हरले जातात, कारण मनाई मिळाली की वादीला निकालाची घाई उरत नाही.

कागदांबद्दल: यादी, प्रत्येकाला क्रमांक, न्यायालयाला एक संच, समोरच्याला एक, आपल्याला एक. मूळ दस्त कुणाच्या हाती सोडू नये. व्हॉट्सॲपचे संदेश छापून नेले की झालं असं लोकांना वाटतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याला प्रमाणपत्र लागतं, आणि ते आता दोन भागांत आहे. एक भाग देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, त्यात हॅश क्रमांकही, म्हणजे फाइलची डिजिटल ओळखखूण. इथे मात्र मला कबूल करावं लागतं, की सामान्य माणसाला हे एकट्याने जमणं कठीण.

उलटतपास त्याहून कठीण. साक्षीदाराशी भांडणं आणि साक्षीदाराला प्रश्न विचारणं यातला फरक नवख्याला दिसत नाही. तो विचारतो, "तू खोटं का बोलतोस?" साक्षीदार म्हणतो, "मी खरं बोलतोय," आणि ते तसंच टाइप होतं. आपणच आपल्या हाताने समोरच्याची बाजू पक्की करून दिली. आपल्या तारखेच्या आधी दोन दिवस दालनात जाऊन मागच्या बाकावर बसावं, दुसऱ्यांचे उलटतपास ऐकावेत. दरवाजे उघडे असतात, कुणी हटकत नाही, आणि याची फी नाही. चांगला वकील पाच प्रश्न विचारून खाली बसतो, ते बसणं पाहण्यासारखं असतं. अलीकडे मोबाइलवरून लिहून घेतलेले अर्जही दिसू लागलेत. भाषा झकास, आणि मधेच ज्या निकालाचा दाखला दिला तो शोधायला जावं तर जगात नाही. तपासल्याशिवाय एकही निकाल उद्धृत करू नये.

आणि फौजदारी खटल्यात आरोपी असाल तर हे सगळं विसरा. तिथे एकट्याने उभं राहू नका. वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळणं हा तुमचा हक्क आहे. हुसैनारा खातून प्रकरणापासून, म्हणजे १९७९ पासून, सर्वोच्च न्यायालय हे सांगत आलं आहे. अजमल कसाबच्या अपिलात २०१२ साली तर पहिल्यांदा हजर केल्या क्षणीच न्यायदंडाधिकाऱ्याने आरोपीला हा हक्क सांगितला पाहिजे असं बजावलं गेलं. दिवाणीतही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कामगार, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. विधी सेवेचा दूरध्वनी १५१००. "फुकटचा वकील काय कामाचा" हे मी शंभरदा ऐकलं आहे. काही खरंच कामाचे नसतात. पण जो माणूस हे म्हणतो त्याने बहुधा अर्जच केलेला नसतो.

आता माझ्या मागणीवरचा आक्षेप. न्यायाधीशाने एका पक्षाला शिकवलं तर दुसऱ्यावर अन्याय होईल. त्याने तर पैसे देऊन वकील लावला आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि न्यायाधीशांनी हात धरून चालवावं असं मी म्हणतही नाही. मी कार्यालयाबद्दल बोलतोय. मनीऑर्डरचा फॉर्म भरायला शिकवणारा पोस्टमास्तर पैसे कुणाला पाठवावेत हे ठरवत नाही. तालुक्याच्या प्रत्येक कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती आहे, तिचे विधी स्वयंसेवक आहेत. आज त्यांची वर्षभराची धावपळ लोक अदालत आणि शिबिरांभोवती फिरते. त्यांतल्या एकाला सकाळी साडेदहा ते दीड एका खिडकीत बसवा आणि त्याला फक्त प्रक्रिया सांगायचं काम द्या: मुदत किती, नमुना कुठला, किती प्रती, कोर्ट फी स्टॅम्प केवढ्याचा. तुझी केस चांगली की वाईट, यावर चकार शब्द नाही. कैफियत, मुदतवाढीचा अर्ज, पुरसिस (पक्षकाराने कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन), नकलेचा अर्ज यांचे कोरे नमुने तिथे ठेवा. आणि समन्ससोबत अर्ध्या पानाची एक चिठ्ठी जाऊ द्या, पंधरा ओळींची, मोठ्या अक्षरांत: या तारखेच्या आत लेखी उत्तर द्या, त्याला कैफियत म्हणतात, प्रत्येक परिच्छेदाचं उत्तर लिहा, दिलं नाही तर असं असं होईल. छपाईचा खर्च रुपयाच्या आत.

राज्य सरकारने १९९८ सालच्या जुलैमध्ये अधिसूचना काढून मराठी ही जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा ठरवली. पाव शतक उलटलं. पण न्यायालयाची मराठी आणि आपली मराठी अजून एकमेकींना अहो-जाहो करतात. यावर सरकारी उपाय ठरलेला असतो, जुना शब्द काढून संस्कृतातून नवा घडवायचा. तो मला नको आहे. कैफियत, दरखास्त, निशाणी, पुरसिस हे पेशवाईच्या आणि मामलेदार कचेरीच्या अंगणात वाढलेले शब्द आहेत, त्यांना चव आहे. शब्द राहू द्या. त्यांचा अर्थ दारात लिहून ठेवा.

त्या दिवशी माझी नक्कल अडीचला मिळाली. काका अजून कॅन्टीनमध्ये होते, साहेब जेवून आले की ऐकतील या आशेवर. मी त्यांना सांगितलं, की आदेश झालाय, तो रद्द करून घ्यायला अर्ज द्यावा लागेल, सोबत कैफियतही जोडावी लागेल, आणि थोडा खर्च बसेल. वकील नाही म्हणाले, दोन जणांना विचारून झालं होतं. उत्पन्न विचारलं. विधी सेवा समितीचं दार पाच पावलांवर होतं, कुलूप होतं, "आज शिबिर" असा कागद चिकटवलेला. मग आम्ही चहाचे कप बाजूला सारले. त्यांनी पिशवीतून समन्ससोबत आलेली दाव्याची प्रत काढली. चार महिने ती गिरणीत दळणाच्या वहीखाली होती, घड्यांमध्ये पीठ बसलेलं. वहीच्या मागच्या पानावर मी क्रमांक टाकले आणि ते एकेक परिच्छेद मोठ्याने वाचू लागले. एक, दोन, तीन. चौथ्यावर थांबले. तिथे लिहिलं होतं, की बोळ १९८८ सालापासून भिंत घालून बंद आहे आणि प्रतिवादीला हे मान्य आहे.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "मला मान्य आहे?" ते म्हणाले. "मला हे विचारलं कधी?"